बघू या

आमच्या शाखेत जिन्याखाली तीन लाल बादल्या टांगलेल्या आहेत. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांनी ‘आग’ असं लिहिलं आहे. बँकेनं आगसुद्धा बादलीत भरून ठेवली आहे की काय, या शंकेनं एखादा नवखा खातेदार वाकून पाहतो. त्याला पहिल्या बादलीत वाळू दिसते, दुसरीत विड्यांची थोटकं दिसतात आणि तिसरीत आमच्या शिपायानं हौसेनं लावलेला मनीप्लँट दिसतो. शेजारच्या अग्निशामक नळकांड्याची मुदत संपून गेली आहे. पण तसं पत्र वरच्या कार्यालयाकडे गेलेलं आहे आणि पत्राची स्थळप्रत फायलीला लागलेली आहे. पत्र गेलं की आग विझली, अशी आमच्या कामकाजाची पद्धत आहे. जबाबदारी म्हणजे सही करून पुढच्या टेबलावर सरकवायची वस्तू, एवढं बावीस वर्षांच्या नोकरीत मी पक्कं शिकलो आहे.

अशा माणसाला त्याच्या सख्ख्या बहिणीनं भर उन्हाळ्यात वणव्याच्या डोंगरावर राहायला बोलवावं, याला काय म्हणायचं?

माझी धाकटी बहीण शुभा, तिचे यजमान अविनाशराव आणि सात वर्षांचा भाचा नील हे ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात राहतात. मेलबर्न शहराच्या पूर्वेला डँडेनाँग नावाचे डोंगर आहेत, तिथं त्यांचं घर. फोटोत पाहिलं तर उंचच उंच झाडं, खाली नेचे, सकाळचं धुकं, झाडांच्या मधून पळणारी ‘पफिंग बिली’ नावाची झुकझुक गाडी. ‘अगदी माथेरान गं,’ असं म्हणत आमच्या सौभाग्यवतींनी सहा महिने आधीच बॅगा भरायला काढल्या. जानेवारीत तिथं उन्हाळा असतो हे आम्हाला भूगोलाच्या पुस्तकामुळे ठाऊक होतं. पण भूगोलाच्या पुस्तकातला उन्हाळा भाजत नाही.

गाडीतून उतरल्याबरोबर पहिल्यांदा जाणवला तो वास. नीलगिरीच्या तेलाचा. लहानपणी सर्दी झाली की आई रुमालावर दोन थेंब टाकून द्यायची. इथं रुमालाच्या जागी अख्खा डोंगर होता. मी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो, “वा! काय औषधी हवा आहे!”

“तेल आहे ते, दादा,” अविनाशराव म्हणाले. “उन्हाळ्यात ही झाडं तेलाच्या डब्यासारखीच पेटतात.”

मग त्यांनी झाडांच्या बुंध्याशी लोंबणाऱ्या लांब लांब साली दाखवल्या. साप कात टाकतो तशी ही झाडं साल टाकतात. वणव्यात ती पेटलेली साल वाऱ्यावर चढते आणि कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडते. जिथं पडते तिथं नवा वणवा सुरू होतो. बँकेच्या भाषेत याला शाखाविस्तार म्हणतात. आमच्याकडे त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, तिथं नुसता उत्तरेचा वारा पुरतो.

भाऊ बहिणीच्या घरी पहिल्यांदा गेला की त्याला पाटावर बसवतात. मला चहानंतर शिडीवर चढवलं. छपराच्या कडेनं जी पन्हळ असते, तिच्यात वाळलेली पानं साचली होती, ती मुठीमुठीनं काढायची होती. सौभाग्यवती खाली उभ्या राहून “अहो, जपून” असं म्हणत होत्या आणि त्याच दमात शुभाला “यांनी घरी कधी पंख्याला हात लावला नाही हो” असंही सांगत होत्या. पाण्याच्या टाकीशेजारी टेनिसच्या चेंडूंची एक पिशवी लटकत होती. मेलबर्नमध्ये जानेवारीत टेनिसच्या मोठ्या स्पर्धा असतात हे मी पेपरात वाचलेलं. म्हटलं, आपले मेव्हणे खेळाडू निघाले! मी शिडीवरूनच दोन चेंडूंचा झेल घेऊन दाखवला.

“खेळायचे नाहीत ते,” अविनाशराव म्हणाले. “पन्हळीचे पाइप बंद करायला आहेत.”

वणव्याच्या दिवशी पन्हळीतून खाली जाणाऱ्या पाइपांच्या तोंडात हे चेंडू घट्ट बसवायचे आणि पन्हळ पाण्यानं काठोकाठ भरून ठेवायची. कारण घर जळतं ते ज्वाळांची भिंत अंगावर येऊन, असं आपल्याला वाटतं, ते सिनेमामुळे. खरी घरं जास्त करून जळतात ती उडत आलेल्या निखाऱ्यांमुळे. वणवा अजून लांब असतो, निखारा मात्र पुढे येतो. पन्हळीतल्या पानांत, कौलाखालच्या फटीत, जोत्याखाली, कोपऱ्यात रचलेल्या लाकडांत गपचूप बसतो आणि सावकाश आपलं काम करतो. आमच्याकडे काही कर्जदार असे आहेत.

त्या आठवड्यात मी जितकं अंगमेहनतीचं काम केलं तितकं आजवरच्या आयुष्यात केलं नव्हतं. गवत चार बोटांच्या वर वाढू द्यायचं नाही. सरपणाची रास भिंतीपासून दूर हलवायची. खिडकीखालची शोभेची झुडपं काढायची. घरावर झुकलेल्या फांद्या तोडायच्या. गॅसच्या सिलिंडरचं तोंड घराकडे नको, उलट बाजूला हवं. दारातलं पायपुसणंसुद्धा कडक उन्हाच्या दिवशी आत घ्यायचं, कारण काथ्याच्या पायपुसण्यावर निखारा पडला की दार पेटतं. शुभानं ते पायपुसणं हौसेनं रत्नागिरीहून नेलेलं आहे, त्यावर ‘सुस्वागतम्’ असं विणलेलं आहे. त्यामुळे आगीचा धोका असलेल्या दिवशी त्या घरात कुणाचंही स्वागत होत नाही.

दुपारी अंग शेकत पडलो असताना मी तिथल्या ‘कंट्री फायर ऑथॉरिटी’ची माहितीपुस्तिका वाचायला घेतली. हे त्या राज्यातलं गावोगावचं अग्निशमन दल. त्यातली बहुतेक माणसं बिनपगारी स्वयंसेवक. शुभाच्या गल्लीतला नळ दुरुस्त करणारा आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतली बाई हे दोघं त्यात आहेत. पुस्तिकेतलं एक वाक्य वाचून मी उठून बसलो. आशय असा होता की, मोठा वणवा लागला तर प्रत्येक घराशी बंब पोचू शकणार नाही, तेव्हा बंब येईल असं धरून चालू नका.

सरकारी छापील कागदावर इतकं खरं बोललेलं मी प्रथमच पाहिलं. आपल्याकडे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असतो, पण बंब निघाला आहे असं शेवटपर्यंत सांगितलं जातं. इथं ते सरळ सांगतात की बाबांनो, घर तुमचं, झाडं तुमची, जीव तुमचा. आम्ही धोक्याची पातळी सांगू, वारा सांगू, रस्ता सांगू. निघायचं तुम्ही.

धोक्याच्या पातळ्या 2022 पासून सगळ्या ऑस्ट्रेलियात सारख्याच चार आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटास्ट्रॉफिक. रस्त्याच्या कडेला अर्धवर्तुळाच्या पाट्या असतात, त्यांवर काटा. लांबून वजनकाट्यासारखं दिसतं. कॅटास्ट्रॉफिक म्हणजे असा दिवस की घर कितीही जय्यत तयार केलेलं असलं तरी त्याच्या भरवशावर राहायचं नाही. त्या दिवशी आग लागलेली नसतानाच जंगलाजवळचं घर सोडायचं. आदल्या संध्याकाळी, नाहीतर सकाळी लवकर.

पूर्वी तिथला सल्ला जरा वेगळा होता. एकतर पूर्ण तयारीनिशी थांबून घर वाचवा, नाहीतर लवकर निघा, असे दोन्ही मार्ग सारख्याच आवाजात सांगितले जायचे. मग 7 फेब्रुवारी 2009 उजाडला. त्या शनिवारी मेलबर्नचा पारा 46.4 अंशांवर गेला. दिवसभर उत्तरेकडून, म्हणजे वाळवंटाच्या बाजूनं, भाजणारा वारा सुटला होता. संध्याकाळी तो फिरून नैऋत्येकडून आला. वारा फिरला की गारवा येतो, म्हणून माणूस सुटकेचा श्वास टाकतो. पण वणव्याच्या बाबतीत तीच वाईट वेळ. तोवर लांबट पट्ट्यासारखी चाललेली आग आडवी होते आणि तिची सगळीच्या सगळी बाजू तोंड होऊन धावू लागते. त्यातून चढ असला तर बघायलाच नको. दर दहा अंशांच्या चढाला आगीचा वेग दुप्पट होतो, असा तिथला ठोकताळा आहे. आम्ही माणसं दहा अंशांच्या चढाला दोनदा बसतो. त्या दिवशी 173 माणसं गेली, दोन हजारांवर घरं जळाली. गेलेल्यांतली कितीतरी घरातच होती. काही घर वाचवायला थांबलेली. काही मात्र नुसतीच थांबलेली. धूर दिसला की ठरवू, म्हणून.

वाचून झाल्यावर मी पुस्तिका उलटी ठेवली आणि सौभाग्यवतींना म्हटलं, “आपलं परतीचं तिकीट अलीकडचं मिळतं का बघू या.”

शुभाच्या घरची योजना फ्रीजवर चिकटवलेली होती. कागद एकच, पण मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही परिपत्रकापेक्षा स्वच्छ. ‘एक्स्ट्रीम किंवा वरची पातळी जाहीर झाली तर सकाळी साडेसातच्या आत घर सोडणे.’ कुठल्या रस्त्यानं जायचं, तो बंद असेल तर कुठल्या, कुणाला फोन करायचा, शेजारच्या आजींना कुणी विचारायचं. खाली दोघांच्या सह्या आणि नीलनं काढलेला बंब. दाराशी एक बॅग भरून तयार: पासपोर्ट, घराचे कागद, औषधं, पाणी, बॅटरीवरचा रेडिओ, लोकरीची पांघरुणं आणि सुती कपडे. कपडे सुती किंवा लोकरीचेच हवेत, कारण वणव्यात माणूस ज्वाळेच्याही आधी धगीनं मरतो आणि नायलॉन-पॉलिएस्टर त्या धगीत वितळून अंगाला चिकटतं. हे ऐकून आमच्या घरात गंभीर पेचप्रसंग उद्भवला. प्रवासात चुरगळत नाहीत म्हणून सौभाग्यवतींनी मुंबईहून सगळ्या साड्या सिंथेटिक आणल्या होत्या. शेवटी त्या शुभाचा सुती सलवार-कमीज घालून बसल्या आणि मला दर तासाला विचारू लागल्या, “जाड दिसते का हो मी?” वणव्याच्या दिवशीही या प्रश्नाचं उत्तर देण्यात जो धोका आहे, त्याला कुठलीच पातळी पुरायची नाही.

एका बुधवारी संध्याकाळी फोनवर सूचना आली: उद्या एक्स्ट्रीम, पूर्ण आगबंदी. आगबंदी म्हणजे उघड्यावर काहीही पेटवायचं नाही. पफिंग बिलीचंसुद्धा कोळशाचं इंजिन त्या दिवशी बंद असतं. अंगणातल्या निखाऱ्यावर वांगी भाजून भरीत करायचा आमचा बेत होता, तो रद्द झाला. मला वाईट वाटलं ते एवढंच. बाकी उद्या काय, असं मनात होतं.

सकाळी सहाला उठलो तर आभाळ निळंभोर. धूर नाही, वास नाही, पक्षी नेहमीसारखे कलकलत होते. अविनाशराव खिडकीशी चहा घेत उभे होते. ते म्हणाले, “या हंगामातली ही तिसरी वेळ. दोनदा पळालो, दोनदा काही झालं नाही. आज मला अकरा वाजता महत्त्वाची मीटिंग आहे. शिवाय पंप आहे.”

पंप त्यांनी नवा घेतला होता. डिझेलवर चालणारा, कारण वणव्यात वीज आधी जाते. माणसानं नवा पंप घेतला की तो एकदा वापरून पाहावा असं त्याला वाटणारच. मी लगेच त्यांच्या बाजूनं उभा राहिलो. एक तर मेव्हण्यांचा मान राखायचा. दुसरं म्हणजे त्या दिवशी टीव्हीवर क्रिकेटचा सामना होता.

“खरंय,” मी म्हणालो, “दुपारपर्यंत बघू या. धूर दिसला की निघू.”

शुभा डबा भरत होती. ती आमच्यावर ओरडली नाही. डब्याचं झाकण लावता लावता तिनं मला विचारलं, “दादा, आबा फळ्यावर कुठल्या हातानं लिहायचे रे?”

मी म्हणालो, “डाव्या.”

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

अविनाशरावांना ती गोष्ट नीटशी माहीत नव्हती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावाबाहेर डोंगराच्या उतारावर आबांची बाग होती. हापूसची चाळीस कलमं आणि कडेनं काजू. आबा शाळामास्तर. पगार शाळेचा, जीव बागेत. 1989 सालच्या मार्चमध्ये वरच्या माळावरच्या वाळलेल्या गवताला कुणीतरी काडी लावली. नवं गवत चांगलं येतं म्हणून लावतात, अजूनही लावतात. मी दहा वर्षांचा, शुभा सहाची. आई म्हणाली, चला खाली देवळात. आबा कलमांच्या पलीकडे धुराकडे पाहत म्हणाले, “बघू या. वारा फिरेल.”

वारा फिरला. आमच्याकडेच फिरला. आईनं आम्हाला ओढत खाली नेलं. आबा मागे राहिले आणि ओल्या डहाळीनं एकटे आग झोडपत बसले. आमच्याकडे वणवा तसाच विझवतात, पण त्याला दहा-पंधरा माणसं लागतात. रात्री लोकांनी त्यांना उचलून आणलं. सव्वीस कलमं गेली. उजव्या हाताची बोटं पुढे मिटलीच नाहीत. त्या जूनपासून आबा डाव्या हातानं फळ्यावर लिहू लागले. दहा वर्षांच्या मुलांना हसायला काहीही पुरतं. त्या वाकड्या अक्षरांना वर्गातली मुलं हसायची आणि मीही त्यांच्यात हसायचो. हे मी शुभाला कधी सांगितलेलं नाही.

मी उठलो आणि दाराशी ठेवलेली बॅग उचलली. अविनाशरावांनी मोबाइलवर मीटिंग रद्द केली. पाइपांत चेंडू बसवायला गेलो तर सातांतले सहाच सापडले. सातवा नीलनं परसात षटकार मारून घालवला होता. बँकेत रोकड सहा रुपयांनी कमी भरली तर मी रात्री नऊपर्यंत थांबतो, पण इथं साडेसातची वेळ होती. सातव्या पाइपात अविनाशरावांनी जुनी चिंधी कोंबली. खिडक्या बंद, पायपुसणं आत, पन्हळीत पाणी. सात वाजून बावीस मिनिटांनी आम्ही निघालो. माझ्या आयुष्यात इतक्या वेळेवर सुटलेलं वाहन तेवढंच.

शेजारच्या आजी आमच्याही आधी तयार होत्या. त्यांचं वय ब्याऐंशी, मांडीवर मांजराची पेटी. 16 फेब्रुवारी 1983 च्या ‘ॲश वेन्सडे’ला, ज्यात दोन राज्यांत मिळून 75 माणसं गेली, त्यांचं कॉकाटू गावातलं घर जळालं होतं. तेव्हापासून त्या अशा प्रत्येक दिवशी निघतात. किती वेळा निघालात, असं मी विचारलं, तर त्यांनी मला नाष्टा किती वेळा केला असं विचारल्यासारखं पाहिलं.

दिवस काढला तो शहरातल्या एका वातानुकूलित बाजारात. बाहेर चव्वेचाळीस अंश, आत सौभाग्यवती. त्या दिवशी आमच्या संसाराचं प्रत्यक्ष आर्थिक नुकसान झालं ते तिथंच झालं. त्यांनी चार सुती साड्यांच्या किमतीचा एक सुती फ्रॉक घेतला आणि वर मला सांगितलं, “तुम्हीच म्हणालात ना, सुती हवं म्हणून!” अविनाशराव दर दहा मिनिटांनी फोन पाहत होते. मीही पाहत होतो. क्रिकेटचा सामना लागलेला होता, तो दोघांनीही पाहिला नाही. संध्याकाळी पाचच्या सुमाराला बाहेर आलो तर वारा फिरला होता. अंगावर गार झुळूक आली. सगळे लोक ‘हाऽ’ म्हणाले. आम्ही चौघं मोठी माणसं तेवढी एकमेकांकडे पाहत उभी राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो. घर होतं तसं. पन्हळीत पाणी, चेंडू जागच्या जागी, झाडावर तेच पक्षी. आमच्या बाजूला काहीही पेटलं नव्हतं. अविनाशरावांच्या तोंडावर ‘म्हटलं नव्हतं?’ असं वाक्य येऊन बसलं होतं, पण ते तिथंच राहिलं. आणि मी तरी काय म्हणणार? बावीस वर्षं मी आयुर्विम्याचा हप्ता भरतो आहे. अजून मेलो नाही, म्हणून पैसे वाया गेले, असं सौभाग्यवतींनीसुद्धा कधी म्हटलेलं नाही. निदान माझ्या तोंडावर तरी.

शनिवारी मी आपणहून शिडी मागितली. आठ दिवसांत पन्हळीत पुन्हा पानं साचली होती. ही झाडं पानं टाकायची काही थांबत नाहीत.

फेब्रुवारीत परत आलो. पहिल्याच रविवारी गावी चुलतभावाला फोन लावला. आबा गेले, पण वाचलेली चौदा कलमं आहेत आणि त्यांचं तोच पाहतो. मी विचारलं, “वरच्या अंगाचं गवत कापून पट्टा मोकळा केलास का?”

“अजून कुठं,” तो म्हणाला, “होळी येऊ दे, बघू या.”

सोमवारी मी तीन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ असं आजवर लिहीत आलो, या वेळी ‘गवत कापणे’ असं लिहिलं. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला, मार्चअखेरच्या कामाच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ठेवा इथं. बघू या.”

“साहेब,” मी म्हणालो, “गवत वाळलंय.”